मागच्या खोलीतला हुंकार

ध्वनी कधीही नष्ट होत नाही. एकदा उच्चारलेला शब्द आकाशात कायमचा राहतो, आणि योग्य कान मिळाला की पुन्हा प्रकट होतो. हे वाक्य मी एका सत्कार समारंभात ऐकलं. वक्ते मोठे होते, खांद्यावरची शाल मोठी होती आणि माईक बंद पडलेला होता. त्यामुळे हे सनातन सत्य पहिल्या दोन रांगांपलीकडं कुणालाही कळलं नाही.

इथं, या गूढ अनुभवांच्या गटावर, लिहिणारे बहुतेक जण सुरुवातीला सांगतात की त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. माझाही नव्हता. फरक एवढाच की माझा अजूनही नाही... आणि तरी हे लिहायला बसलोय, कारण मनावर एक ओझं आहे आणि ते विश्वास आहे का नाही असं विचारत नाही.

मी सुधाकर. विमा कचेरीतून निवृत्त. घर छावणीला लागून, बैठं. नोकरीत असताना माझ्याकडं आणखी एक खातं होतं, ते म्हणजे सूत्रसंचालन. कुणाची बदली, कुणाचा निरोप, कुणाच्या मुलीचा गुणगौरव... "ज्यांच्या परीसस्पर्शानं या कार्यालयाचं सोनं झालं" वगैरे मी कित्येक वर्षं गंभीर चेहऱ्यानं म्हणत आलो. कार्यालय पत्र्याचं होतं, पत्र्याचंच राहिलं. पण आवाज चांगला आहे असं लोक म्हणायचे. निवृत्तीनंतर एका ऑडिओबुकवाल्या कंपनीला मी नमुना पाठवला आणि तो पसंत पडला. त्यांनी एक जुनी कादंबरी वाचायला दिली. अट एकच — रेकॉर्डिंग घरीच करायचं, आणि मागं कसलाही आवाज नको.

मागं कसलाही आवाज नको! आमच्या गल्लीत! नळाला पाणी येतं त्या दिवशी घराघरांतून मोटारी सुरू होतात तेव्हा शेजाऱ्याशीही खुणेनं बोलावं लागतं. शांत अशी घरात एकच खोली — मागची. तिला रस्त्याची भिंत नाही आणि खिडकी बोळाकडं उघडते. फक्त एक अडचण होती. त्या खोलीत आत्या राहायची.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लवकर विधवा झाली, मूलबाळ नाही. माझी आई आजारी असायची, त्यामुळे मला वाढवलं ते आत्यानंच. आता तिचं वय किती ते तिलाही नक्की माहीत नाही. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण गोष्टी लई. लहानपणी ती गोष्ट सांगायची तेव्हा मला 'हं' म्हणावं लागायचं. वाक्य संपलं की हं. हुंकार थांबला की गोष्ट थांबली.

"हुंकार नाय तर गोष्ट नाय," ती म्हणायची. "ऐकणारं जागं हाय का नाय, गोष्टीला कळाया नको? वाट चुकती ती."

पुढं तिची नजर मंद झाली. मी निवृत्त होऊन घरात बसलो आणि पारडं फिरलं. दुपारी जेवण झालं की मी तिला पेपर वाचून दाखवायचो आणि ती हुंकार द्यायची. अग्रलेखाला हं, अपघाताला हं, निविदा सूचनेलाही हं. नळपट्टीच्या जाहीर सूचनेला इतका मनापासून प्रतिसाद देणारी ती जिल्ह्यातली एकमेव नागरिक असेल.

तर स्टुडिओ. इंटरनेटवर स्वस्तात घरगुती स्टुडिओ कसा करावा हे सांगणारे पुष्कळ तरुण गुरू आहेत. ते सगळे एकच गोष्ट सांगतात — माईक किती भारी आहे याला महत्त्व नाही, खोलीला आहे. भिंती उघड्या असल्या की आवाज आपटून परत येतो आणि माणूस हौदात बसून वाचतोय असं वाटतं. म्हणून माईक साधाच घेतला, तो लॅपटॉपला जोडायला एक छोटी डबी घेतली, कानाला हेडफोन, आणि भिंतींसाठी कोपऱ्यावरच्या अस्लमभाई गादीवाल्यांकडून जुन्या गाद्या.

अस्लमभाईंनी स्वतः येऊन गाद्या उभ्या करून दिल्या. मग कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"क्या सुधाकरभाई, दीवार को नींद नै आ री क्या?"

'प' आणि 'फ' म्हणताना फुंकर माईकवर आदळू नये म्हणून माईकपुढं जाळी लागते. ती मी माझ्या बायकोची, मंगलची, भरतकामाची रिंग घेऊन तिच्यावर नायलॉनचा मोजा ताणून केली. मंगल शाळेत शिकवते. तिनं दारातून पाहिलं.

"गाद्यांच्या दुकानाला आग लागल्यावर माल बाहेर काढतात ना, तसं दिसतंय," ती म्हणाली. "आणि मोजा धुतलाय का तो?"

आणि शेवटची, सगळ्यात स्वस्त युक्ती — कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट. दारं सताड उघडायची आणि त्याच्याकडं तोंड करून वाचायचं. आवाज कपड्यांत मुरतो. आत्याचं कपाट तिथंच होतं. घड्या घातलेली नऊवारी लुगडी, वरपासून खालपर्यंत. मी टाळी वाजवून पाहिली. टाळी वाजली आणि जागच्या जागी मेली. मला फार आनंद झाला.

पहिल्या दिवशी आत्या तिच्या बाजेवरच बसली होती. मी म्हटलं, "आत्या, आता अगदी गप बसायचं हं." ती म्हणाली, "मी कशाला बोलतीय?" मी वाचायला लागलो. दुष्काळी गाव, सावकाराची विहीर, विहिरीवर लाकडी झाकण, झाकणाला कुलूप. पहिलं वाक्य संपलं.

"हं," आत्या म्हणाली.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा हं. तिसऱ्यांदा तिनं पदराचा बोळा तोंडात धरला, तर हुंकार नाकातून आला. ती स्वतःच हसायला लागली. मला हसू आलं नाही. कंपनीनं दिलेली मुदत डोक्यात होती, आणि मी सूत्रसंचालनाच्या आवाजात म्हणालो, "आत्या, तुझ्या हुंकारानं सगळं वाया जातंय."

तिनं चुरगळलेला पदर नीट केला. संध्याकाळी तिची बाज आम्ही पुढच्या खोलीत आणली. 'थोडे दिवस' असं म्हणून. दोन-चार दिवसांनी कन्नडहून दिगू आला, माझा चुलतभाऊ. त्याचं तिथं बी-बियाण्याचं दुकान आहे. आत्या म्हणाली, "मी जाते दिगूसंगं. लई दिवस झाले, कन्नड नाय पायलं." तिला कुणी जा म्हणालं नव्हतं. जाऊ नको असंही कुणी म्हणालं नाही. मी तिची पिशवी रिक्षात ठेवली. पिशवी हलकी होती. लुगडी सगळी कपाटातच होती.

दुसऱ्या दिवसापासून काम जोरात सुरू झालं. दुपारची वेळ, मंगल शाळेत, गल्ली जेवून आडवी झालेली. वाचताना हेडफोन लावत नसे, पान उलटताना अडचण होते. पहिलं प्रकरण संपवलं आणि मग ऐकायला बसलो. माझा आवाज मला आवडला, हे कबूल करतो. वाक्य संपलं... "आणि त्या वर्षी विहीर कुणासाठीच उघडली नाही." पूर्णविरामाची शांतता. आणि त्या शांततेत, लांबून पण स्वच्छ —

हं.

मी हेडफोन काढून खोलीत बघितलं. मग स्वतःवर हसलो. जुन्या रेकॉर्डिंगचा तुकडा राहिला असणार. ती फाईल टाकून दिली, नवी उघडली, तेच पान वाचलं. हं.

आता मी काय-काय तपासलं ते सांगतो, कारण इथं हुशार वाचक असतात. मोबाईल बंद. पंखा बंद. फ्रिजची पिन काढली (मंगलनं रात्री दुधाबद्दल विचारलं). बोळात जाऊन पाहिलं, तिथं एक मांजर होतं. माझ्याच घशातून येत असेल म्हणून वाक्य संपलं की ओठ बोटांनी दाबून धरले. आलंच. मग न वाचता नुसतं रेकॉर्डिंग चालू ठेवून बसलो, तर काहीही नाही, निव्वळ शांतता. म्हणजे यंत्रात दोष नव्हता. वाचलं तरच.

आणि ते भुताखेताचं नव्हतं हो. थंडगार नाही, घोगरं नाही. ज्यानं आत्याचे हुंकार ऐकलेत त्याला ते वेगवेगळे ओळखू येतात. साधा हं म्हणजे पुढं सांग. लांब हंऽऽ म्हणजे बिचारी गं. आणि तोडून म्हटलेला हूं! म्हणजे थापा नको मारू. कादंबरीतला सावकार जेव्हा म्हणतो की मी हे सगळं गावाच्या भल्यासाठी केलं, तेव्हा माझ्या फाईलवर स्पष्ट हूं! आहे. होता.

एक प्रयोग म्हणून मी कादंबरी बाजूला ठेवून विजेचं बिल वाचलं. ग्राहकाच्या नावापासून थकबाकीपर्यंत. प्रत्येक रकान्याला हं.

त्या संध्याकाळी कन्नडला फोन लावला. आत्या खणखणीत बोलली.

"बरी हाय मी. शोभा चांगलं बघती." शोभा म्हणजे दिगूची बायको. "सुध्या, लाईटीचं बिल भरलंस का रं?"

मी समोरचं बिल उलटं करून ठेवलं. पण मी शास्त्रीय वृत्तीचा माणूस. आत्या दर महिन्याला बिलाचं विचारतेच, असं मी स्वतःला सांगितलं. तेही खरं आहे.

"आन् माझी दोन लुगडी धाडून दे," ती म्हणाली. "निळं अन् चौकड्याचं. एकच धुऊन-धुऊन नेसतीय."

"पाठवतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती दोन काढलीही. टाळी वाजवून पाहिली. टाळीला प्रतिध्वनीची बारीकशी शेपूट आली होती. ती दोन लुगडी मी परत कपाटात ठेवली. म्हटलं, हे पुस्तक होऊ दे, मग पाठवू.

मंगलला फाईल ऐकवली. काहीही न सांगता तिच्या कानाला हेडफोन लावला. तिनं डोळे मिटून ऐकलं.

"आत्या आहेत," ती म्हणाली.

"आत्या कन्नडला आहे."

"माहितीय मला. आणायला कधी जाताय?"

"एवढं संपलं की."

तिनं हेडफोन काढून माझ्या हातात दिला.  मंगल बोलत नाही तेव्हा घरात जी शांतता होते ती कुठल्याही स्टुडिओत मिळणार नाही.

मग मी जे केलं ते असं. नको असलेला आवाज फाईलमधून कापता येतो. वाक्याच्या शेवटी जायचं, तेवढा तुकडा निवडायचा, पुसायचा. मी रोज दुपारी वाचायचो आणि संध्याकाळी बसून आत्याचे हुंकार एकेक करून पुसायचो. लॅपटॉपमध्ये जागा कमी, म्हणून मूळ फाईलवरच स्वच्छ केलेली फाईल साठवायचो. "ते रेकॉर्डिंग इथं टाका" असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. पुरावा होता. मीच घासूनपुसून लख्ख केला.

सहावं प्रकरण झालं त्या दिवशी दिगूचा फोन आला. आवाज दबका.

"दादा, आत्याचं काही ठीक वाटत नाय बरं का. दुपारी जेवण झालं की भिंतीकडं तोंड करून बसती अन् हं हं करती. कुणी बोलत नसतंय, काही नसतंय. मधीच हसती. शोभा भेलीय. डॉक्टरला दाखवू का?"

इथं मी थांबतो. कारण हा सगळा मजकूर मी या एका प्रसंगासाठीच लिहितोय.

मला माहीत होतं. म्हणजे काय होतंय ते कळत नव्हतं, पण ती कुणाला हुंकार देतेय ते मला माहीत होतं. मी एवढंच म्हणू शकलो असतो की थांब, मी उद्या येतो. पण दिगूला काय सांगणार? ती साठ-सत्तर किलोमीटरवरून माझी कादंबरी ऐकतेय? आयुष्यभर ज्यानं गावातल्या प्रत्येक अंगात येणाऱ्या बाईची टिंगल केली, त्यानं? आणि खरं सांगायचं तर, मुदतही जवळ आली होती.

"दाखव बाबा," मी म्हणालो. "या वयात होतं असं."

सातवं प्रकरण मी दोन दिवसांनी वाचलं. मोठं प्रकरण. सावकाराची सून गाव सोडून जाते ते. संध्याकाळी पुसायला बसलो. पहिलं वाक्य गेलं, शांत. दुसरं... दहावं. पुढं-पुढं पळवलं. कुठंच काही नाही. सून वेशीबाहेर पडते तिथं तरी लांब हंऽऽ यायला हवा होता. नव्हता. अख्खं प्रकरण काचेसारखं स्वच्छ होतं. कंपनीला हवं होतं अगदी तसं.

लगेच दिगूला फोन लावला, उचलला नाही. शोभाचा बंद. मंगल म्हणाली, "आता तरी जा." सकाळच्या पहिल्या एस.टी.नं निघालो. खुलताबादच्या चढावर गाडी रांगत होती आणि मी मनातल्या मनात एखाद्या शोकसभेचं सूत्रसंचालन करत होतो. 'ज्यांच्या परीसस्पर्शानं...' हे वाक्य आलं आणि मला माझीच किळस आली.

आत्या ओसरीत बसली होती. जिवंत. भिंतीला टेकलेली, मान एका बाजूला कललेली, डोळे अर्धवट मिटलेले. दिगू दुकानातून धावत आला. मोबाईल चार्जिंगला लावून विसरला होता म्हणे.

"फरक पडला बघ दादा," तो उत्साहानं म्हणाला. "परवापासनं गोळी चालू केली. दुपारची घेतली की गाढ झोपती. हं-हं पार बंद!"

त्याची चूक नव्हती. डॉक्टरांचीही नव्हती. भिंतीशी हुंकारणारी म्हातारी पाहिल्यावर कुणीही हेच केलं असतं. एक माणूस सोडून, ज्याला बाकीचं माहीत होतं.

मी तिच्यापुढं बसलो. तिनं डोळे उघडले. मला ओळखायला वेळ लागला, पण ओळखलं.

"आलास? लुगडी आणलीस का?"

घाईत निघालो होतो. आणली नव्हती.

त्याच दिवशी जीप करून तिला घरी आणली. आमच्या डॉक्टरांना विचारून ती गोळी थांबवली. बाज परत मागच्या खोलीत गेली. गाद्या भिंतीवर तशाच राहिल्या; आत्या म्हणाली, राहू दे, ऊब लागती. आठवड्यात ती पहिल्यासारखी झाली, म्हणजे भाजीत मीठ कमी म्हणायला लागली.

मग एका दुपारी मी मुद्दाम रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तिच्यासमोर पहिलं प्रकरण वाचायला घेतलं. म्हटलं, घे, आता हवा तेवढा हुंकार दे. पहिलं वाक्य संपलं. ती गप्प. पान संपलं. गप्प. जागी होती, माझ्याकडं बघत होती.

"का गं आत्या? हुंकार नाय?"

"हे झालंय की ऐकून."

"कधी?"

"तूच तर वाचलं. तो सावकार मरतो अन् त्याची सून विहिरीचं कुलूप काढती. पुढचं वाच."

कुलूप निघतं ते सहाव्या प्रकरणात. ती इथं असताना मी पहिल्या पानापुढं गेलो नव्हतो. मंगलनं ते पुस्तक उघडलेलं नाही. आत्यानं ही गोष्ट पूर्वी कधी कुणाकडून ऐकली असेल का? असेल. मी ही शक्यता सोडलेली नाही; तिला धरूनच मी रात्री झोपतो.

मी पानं उलटली. सातवं प्रकरण काढलं. सून पहाटे उठते, चुलीवर हात ठेवून बघते, चूल गार असते.

"हं," आत्या म्हणाली.

पुढचं मला नीट वाचता आलं नाही. एक ओळ दोनदा वाचली गेली. सून वेशीबाहेर पडली तेव्हा लांब हंऽऽ आला, जिथं यायला हवा होता तिथंच.

या सगळ्याचं स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. कुणी म्हणेल मनाचे खेळ, कुणी म्हणेल योगायोग, आणि ते सत्काराचे वक्ते म्हणतील आकाशतत्त्व. मी कशालाच हो म्हणत नाही. मला एवढंच कळतं की ती तिथं बसून माझी गोष्ट वाट चुकू देत नव्हती, आणि मी इथं बसून तिला पुसत होतो. तिची माफी मागायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "वाच की गुमान."

म्हणून वाचलं. सातवं झालं, आठवंही झालं. नवव्याच्या मध्यावर हुंकार थांबले. ती फाईल मात्र मी पुसलेली नाही. तिच्यावर माझ्या आवाजामागं एक बारीक घरघर आहे, ती चढत जाते, आणि शेवटी माझा आवाज तिच्यात बुडतो.

आत्या घोरते. त्याचं स्पष्टीकरण आहे.